ती नाही म्हणाली होती

आमच्या चर्चची स्मरणिका निघणार आहे. त्यासाठी हल्लीचे तरुण फादर गेल्या महिन्यात माझ्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "मास्तर, जुन्या काळचे तुम्ही एकटेच उरलात. चार पानं लिहून द्या." माझ्याविषयी त्यांनी स्वतः लिहिलेला मजकूरही त्यांनी वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, की मास्तरांनी इथल्या दोन पिढ्यांची लग्नं आपल्या जिभेने लावली. ते वाक्य त्यांना फार आवडलेलं दिसलं, कारण त्यांनी ते दोनदा वाचलं. मी चार पानं देतो म्हणालो. ही ती पानं. छापायची की नाही ते त्यांनी ठरवावं. पण ते वाक्य छापायचं असेल तर त्याच्या शेजारी हेही छापावं, एवढी माझी विनंती आहे.

माझे वडील कोरीटचे. गवंडीकाम करत. नवापूरच्या बाजूला मिशनचं बांधकाम निघालं तेव्हा ते तिकडे गेले, तिथे ख्रिस्ती झाले आणि आम्हाला घेऊन तिथेच राहिले. मी मिशनच्या शाळेत शिकलो आणि पुढे नवापूरपासून तीन कोसांवरच्या एका गावात मास्तर म्हणून लागलो. सकाळी शाळा, संध्याकाळी प्रार्थना शिकवणं आणि फादर जिथे जातील तिथे त्यांच्याबरोबर जाऊन लोकांचं बोलणं त्यांना आणि त्यांचं बोलणं लोकांना सांगणं, हे माझं काम. घरात आम्ही अहिराणी बोलायचो. गावचे लोक आदिवासी, ते त्यांची कोकणी बोलत; समुद्रकाठची कोकणी ती वेगळी. फादर समुद्रापलीकडचे. पुस्तकी मराठी ते शिकले होते आणि ती बोलताना बैल 'आली' आणि गाय 'गेला' असं करत. गाव आणि ते यांच्या मधे मी उभा.

त्या काळी सगळे विधी एका पुस्तकातून होत. काळ्या चामड्याची बांधणी, तळहातात मावेल एवढं, पण विटेसारखं जाड. आत सगळं लॅटिन. जे म्हणायचं ते काळ्या शाईत आणि फादरांनी कुठे उभं राहायचं, पाणी कधी शिंपडायचं, हात कधी वर करायचे ते लाल शाईत. बाप्तिस्मा, लग्न, आजाऱ्याला तेल लावणं, मयत, सगळं त्यात. आणि शेवटी आशीर्वादांचा मोठा भाग. विहिरीचा, बियाण्याचा, गुरांचा, मधमाश्यांचा, शेतातल्या उंदरांना पळवण्याचा, आगगाडीचासुद्धा. चुन्याच्या भट्टीचा आशीर्वाद आहे हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते थापी खाली ठेवून हसले होते. "चुनानी भट्टीले बी मंतर शे?" पुढच्या वेळी भट्टी लावली तेव्हा मात्र त्यांनीच फादरांना बोलावून आणलं.

लग्नाचा भाग त्या पुस्तकात सगळ्यात आखूड. दोन-तीन पानं. त्यातला कणा म्हणजे एक प्रश्न. तो आधी नवऱ्याला विचारायचा, मग नवरीला: हिला बायको म्हणून, ह्याला नवरा म्हणून, घ्यायला तू राजी आहेस का? हा प्रश्न तेवढा लोकांच्या भाषेत विचारायला मुभा होती. तो मी मराठीत उतरवून एका वहीत लिहिला होता. फादर वहीतून वाचत, मी तो कोकणीत सांगे. नवरा 'हो' म्हणे, मी फादरांकडे बघून 'हो' म्हणे. नवरीचं वेगळं होतं. सासऱ्यासमोर, पंचांसमोर तोंड उघडणारी नवरी म्हणजे निलाजरी, अशी तिथली रीत. त्यामुळे पोरी मान खाली घालून उभ्या राहत, ओठही हलत नसत. फादर थांबून राहत, लोक चुळबुळ करत. मग मी पुढे होऊन तिच्या तोंडाजवळ कान नेई, क्षणभर ऐकल्यासारखं करी आणि सांगे, "हो म्हणते." फादर खूश, लोक खूश. पोरीचीही सुटका. बहुतेक वेळा माझ्या कानावर श्वासाखेरीज काही येत नसे. हे बरोबर नाही असं मला एकदाही वाटलं नाही. उलट, मी नसतो तर इथे एकही लग्न लागलं नसतं, असा माझा तोरा होता.

जिच्याविषयी लिहितो आहे ती गावच्या पाटलाची मुलगी. पाटलाने नुकताच बाप्तिस्मा घेतला होता आणि त्याच्या मागे सगळा पाडा येईल अशी फादरांना आशा होती. मुलीचं लग्न मी जमवलं. मुलगा माझ्याच शाळेत चार इयत्ता शिकलेला, गावात सही करता येणारा पहिला. वाईट नव्हता. अबोल, ताठ. शिकला तसा आपल्याच लोकांत त्याला जरा लाज वाटायला लागली होती. मला तो माझ्या हाताने घडवलेला वाटे. तो आणि पाटलाची लेक, अशी जोडी मी मनात लावून टाकली आणि मग दोन्ही घरांत.

लग्नाआधी पंधरा दिवस मी नवऱ्या पोरींना बसवून विधी समजावून सांगत असे. त्या वेळी चार-पाच जणी होत्या. मी सांगितलं, "पादरीबाबा तुम्हाला विचारतील. राजी असाल तर हो म्हणायचं. राजी नसाल तर नाही म्हणायचं. नाही म्हटलं तर लग्न लागत नाही. देवासमोर कोणी जबरदस्ती करू शकत नाही."

ती मागे बसली होती. म्हणाली, "खरंच विचारतो तो? सगळ्यांच्या समोर?"

"खरंच विचारतात."

"आणि मी नाही म्हटलं तर एवढं शिजवलेलं जेवण कोण खाणार?"

बाकीच्या पोरी फिदीफिदी हसल्या. मीही हसलो. म्हटलं, "मी खाईन. तू काळजी करू नकोस."

मी हे सगळ्यांना सांगत आलो होतो, कारण पुस्तकात तसं होतं. ते कोणी खरं धरेल असं मला वाटलंच नव्हतं. तिने धरलं.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून ढोल वाजत होते. माणसं शेजारच्या चार पाड्यांवरून आली होती, नुसती बघायला. चर्चच्या कुडाच्या भिंतींबाहेर जेवणाचे हंडे चुलीवर होते. फादरांनी नवा पांढरा झगा घातला होता. नवऱ्याने खणखणीत 'हो' म्हटलं. फादर तिच्याकडे वळले, वहीतून प्रश्न वाचला. मी तो कोकणीत सांगितला आणि नेहमीप्रमाणे कान पुढे केला.

ती मान वर करून म्हणाली, "नाय." तिने मान हलवलीही. आवाज बारीक होता, पण स्वच्छ. मग मला म्हणाली, "मला याच्यासंगती नाही राहायचं. आईला सांगितलं, तिने ऐकलं नाही. तू सांग पादरीबाबाला."

ढोल थांबलेले होते, पण लोक बोलत होते, पोरं रडत होती. नवरा समोर बघत उभा. तो तिच्या दुसऱ्या अंगाला होता, त्याला ऐकू गेलं की नाही मला आजही माहीत नाही. साक्षीदार पाच-सहा हात मागे. फादरांनी बघितलं की ती बोलली, आणि त्यांचा चेहरा उजळला, कारण नवरी बोलताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी मला विचारलं, "मास्तर, काय म्हणते ते?"

मी पाटलाकडे बघितलं. हंड्यांकडे बघितलं. म्हटलं, "हो म्हणते."

फादरांनी पुस्तक उघडलं आणि लॅटिनमधे त्यांचं लग्न लागलं. तिने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असावं, मी अजून सांगतोच आहे, काहीतरी पुढे होईल. नवऱ्याने तिच्या बोटात अंगठी घातली तेव्हा तिला कळलं. मग तिने मान खाली घातली ती वर केली नाही.

जेवताना बायको माझ्या पत्रावळीत वाढता वाढता खाली वाकून म्हणाली, "ती पोर काय बोलनी तुमले?"

"व्हय म्हने."

"मी दूरथीन देखं. डोकं हालाई ऱ्हायनी व्हती ती."

"तुले काय समजस? वाढ."

तिने वाढलं. त्यानंतर मरेपर्यंत तिने मला ह्याविषयी काही विचारलं नाही. पण कुठल्याही लग्नात मी नवरीजवळ वाकलो की ती उठून बाहेर जाई.

मुलगी दीड वर्ष नांदली आणि बापाकडे परत आली. तिच्या समाजात ह्याची सोय होती. पंच बसले, लग्नात मुलीसाठी घेतलेलं देज बापाने परत केलं, दोघं मोकळी झाली. मुलगा सुरतेकडे कामाला गेला आणि तिकडेच त्याने घर केलं. ती पुढे एका शेतकऱ्याबरोबर राहू लागली. नदीपलीकडच्या पाड्याचा, मोठ्या आवाजाचा, हसरा माणूस. मुलं झाली. त्यांच्या जुन्या रीतीत सगळं सुरळीत होतं. गाठ राहिली ती फक्त चर्चच्या विवाहनोंदवहीत. चर्चच्या हिशोबाने ती दुसऱ्याची बायको होती आणि ह्या घरात पापात राहत होती. तिच्या मुलांना बाप्तिस्मा मिळाला, पण तिला पापनिवेदन नाही, ख्रिस्तप्रसाद नाही. तिने सरळ येणं सोडून दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती दर रविवारी आली. माझ्या शिकवण्यातलं तिला सगळं पाठ होतं, माझ्या स्वतःच्या मुलांपेक्षा जास्त. बाकी बाया प्रसाद घ्यायला पुढे जायच्या तेव्हा ती दाराशी भिंतीला टेकून बसून राही, मांडीवर पोर घेऊन.

पहिले फादर तापाने गेले. त्यांच्या जागी दुसरे आले, वयाने लहान, कायदा शिकलेले. त्यांनी तिला एकदा विचारलं, तू दर रविवारी येतेस आणि पुढे का येत नाहीस? तिने सांगितलं. भाषांतर करणारा मीच होतो. ती म्हणाली, "मी त्या दिवशी नाय म्हटलं होतं. ह्या मास्तरला विचार." मी एवढंच सांगितलं, "लग्नाविषयी काही तक्रार आहे तिची." पण फादर हुशार होते. त्यांनी आमच्या शाळेतल्या दुसऱ्या एका मुलाला बोलावून तेच बोलणं परत ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला आपल्या खोलीत बोलावलं.

ते म्हणाले, "मास्तर, बसा. ही गोष्ट सोपी आहे. तिने नाही म्हटलं असेल तर ते लग्नच नाही. मी बिशपांना लिहीन. काही महिन्यांत ती मोकळी होईल आणि ह्या माणसाशी तिचं लग्न मी स्वतः लावीन. साक्षीदारांनी काही ऐकलं नाही. नवरा येत नाही. जुने फादर गेले. तुम्ही ऐकलं." त्यांनी शुभवर्तमान माझ्यापुढे ठेवलं. "ह्यावर हात ठेवून सांगा."

हात ठेवताना माझ्या मनात काय होतं ते लिहितो, कारण तेच लिहायला बसलो आहे. तिचा विचार नव्हता. मी विचार केला की हिच्या वेळी खोटं बोललो असं म्हटलं तर बाकीच्यांचं काय? शंभर ठिकाणी मी कान लावून 'हो' सांगितलं होतं. सगळी गावं विचारत येतील. मला शाळेतून काढतील. मेलेल्या फादरांचं नाव जाईल, असंही मी स्वतःला सांगितलं, आणि ते कारण जरा चांगलं दिसत होतं म्हणून त्यालाच धरून राहिलो.

म्हटलं, "हो म्हणाली होती."

"तुम्हाला पक्कं आठवतं?"

"पक्कं."

फादरांनी तसा कागद केला, मी सही केली. ती बाहेर पडवीत बसली होती. त्यांनी तिला मलाच सांगायला लावलं की पुरावा नाही, काही करता येत नाही. मी सांगितलं. ती उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "मास्तर, तू म्हणाला होतास ना, जेवण तू खाशील. खाल्लंस." आणि गेली.

पुढच्या रविवारी ती परत दाराशी होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत, एका पावसाळ्यानंतर, तिच्या पाड्यावर तापाची साथ आली. तिचा माणूस दुपारी धावत मिशनमध्ये आला. "पादरीबाबाला चल म्हण. ती बोलावते." फादर, मी आणि तो, दमणीतून गेलो. नदीला अजून पाणी होतं, बैल पोटापर्यंत बुडाले. फादरांनी ते काळं पुस्तक आणि तेलाची डबी छातीशी धरली होती.

ती खाटेवर होती, शुद्धीत. खंगलेली, पण नजर तीच. मुलं भिंतीशी उभी. फादर तिच्याजवळ जमिनीवर बसले. म्हणाले, "हिला विचारा, ह्या माणसाबरोबर राहिल्याचा तिला पश्चात्ताप आहे का? आणि बरी झाली तर त्याला सोडेल का? एवढं हो म्हणू दे. मग मी क्षमा देतो, तेल लावतो, सगळं करतो." त्यांचा आवाज जवळजवळ विनवणीचा होता. ते कठोर नव्हते. त्यांच्या पुस्तकाने त्यांच्यासाठी तेवढाच दरवाजा ठेवला होता, आणि त्याला मी बाहेरून खीळ घातली होती.

मी तिला विचारलं.

ती म्हणाली, "नाय. ह्याने मला सांभाळलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही." मग म्हणाली, "तू जसं सांगतोस तसं सांग आता."

माझ्या हातात त्या क्षणी दोन गोष्टी होत्या. मी 'हो म्हणते' म्हणू शकलो असतो. शंभरदा म्हटलं होतं. तिला तेल लागलं असतं, दफनभूमीत जागा मिळाली असती. किंवा मी म्हणू शकलो असतो की फादर, हे विचारायची गरजच नाही, ती कोणाची बायको नाही, त्या दिवशी ती नाही म्हणाली होती, मी खोटं बोललो. दोन वाक्यांचं काम होतं. तिचा माणूस माझ्याकडे बघत होता, मुलं बघत होती, आणि त्या सगळ्यांसमोर ते दुसरं मला बोलवेना. आणि पहिलं, तिच्या डोळ्यांत बघून, तेही बोलवेना. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा नवरीचं, म्हणजे तिचं, उत्तर जसंच्या तसं सांगितलं.

"नाही म्हणते, फादर."

फादरांनी आणखी दोनदा विचारायला लावलं. उत्तर तेच. त्यांनी पुस्तक मिटलं, गुडघे टेकले आणि आपल्या भाषेत बराच वेळ प्रार्थना करत राहिले.  येताना नदी ओलांडल्यावर ते एवढंच म्हणाले, "खोटं बोलून सगळं मिळवता आलं असतं तिला. नाही बोलली." मी बैलांकडे बघत होतो.

ती तिसऱ्या दिवशी गेली. दफनभूमीत तिला जागा नव्हती. तिच्या माणसाने तिला त्याच्या शेतात, बांधावर पुरलं, त्यांच्या रीतीने.

ह्यानंतर मी गप्प राहिलो त्याला कारण असं काही नाही. फादरांची बदली झाली. माझी मुलं शाळेत होती. मग ती नोकरीला लागली. मला लोक मान देऊ लागले आणि जितका मान वाढला तितकं बोलणं अवघड झालं. नवीन प्रार्थनापुस्तक मराठीत आलं, आता पोरी माइकसमोर आपल्या आपण 'होय' म्हणतात, माझी गरज उरली नाही. मी अजूनही लग्नात पहिल्या बाकावर बसतो. कोणी मान खाली घालून उत्तर द्यायला वेळ लावला की मी उठून बाहेर जातो.

स्मरणिकेसाठी लिहायचं ठरल्यावर मी आधी तरुण फादरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, आता ती आणि तो सुरतेला गेलेला नवरा, दोघंही हयात नाहीत, तिचं लग्न रद्द करायचा प्रश्न उरत नाही. विवाहनोंदवहीत समासात मी एक टिपण घालीन, तुम्ही सही करा. मी सही केली. मग ते म्हणाले, "आणि त्या शेतात जाऊन मी तिच्या कबरीला आशीर्वाद देऊ शकतो. आता तशी प्रार्थना आहे. घरच्यांना विचारा."

तिचा माणूस अजून आहे. कान पक्के आहेत, दात नाहीत. मी त्याच्या खळ्यात जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं. उभ्यानेच, कारण त्याने बस म्हटलं नाही. सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मला माहीत आहे. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुला सांगायला एवढी वर्षं लागली?"

"लागली."

"तू तिला तेव्हा मोकळं केलं असतंस, तर ती पुढे गेली असती. सगळ्या बायांसारखी. तिला तेवढंच पाहिजे होतं. मला तर लग्नाबिग्नाचं काही नव्हतं, मी तिच्यासाठी तेही केलं असतं."

मी फादरांचं म्हणणं सांगितलं. कबरीवर प्रार्थना, पाणी शिंपडणं, मुलं-नातवंडं सगळी येतील. तो काडीने जमिनीवर रेघा ओढू लागला. मला वाटलं, हो म्हणेल. मला ते हवं होतं, माझ्यासाठी.

"तिला विचारता येत नाही ना आता," तो म्हणाला. "मग नको."

मी परत आलो आणि फादरांना ते तसंच सांगितलं.